दोन रेषांची भेट

शाळकरी मुलाच्या पाटीवर दोन सरळ रेषा काढलेल्या आहेत. एक आडवी, दुसरी तिच्याकडे किंचित् कललेली. या दोन रेषा एकमेकींना मिळतील काय, असें विचारलें कीं मूल पट्टी घेतें आणि दोन्ही रेषा पुढें वाढवूं लागतें. कधीं त्या पाटीवरच मिळतात आणि प्रश्न सुटतो. कधीं पाटीची लांकडी चौकट आड येते, आणि रेषा मात्र अजून एकमेकींपासून बोटभर दूरच असतात. मग मूल म्हणतें, ‘पाटी मोठी असती तर मिळाल्या असत्या.’ शिक्षक मान डोलावतात आणि धडा पुढें जातो.

परंतु पाटीबाहेर गेलेल्या रेषा काय करतात, हें कोणीं पाहिलें आहे? मुलाचें उत्तर पाहण्यावर आधारलेलें नाहीं. तें विश्वासावर आधारलेलें आहे. हा विश्वास सिद्ध करतां येतो काय, या एका प्रश्नापायीं मानवजातीच्या अत्यंत तीक्ष्ण बुद्धीचे पुरुष दोन हजार वर्षें झटले. कित्येकांचें यश त्यांच्या मृत्यूनंतर फसवें ठरलें. एका बापानें तर या प्रश्नापासून दूर राहण्याविषयीं आपल्या मुलाची काकुळतीनें विनवणी केली. भूमितीच्या इतिहासांत याहून साधा प्रश्न नाहीं, आणि याहून नाट्यपूर्ण कथाहि नाहीं.

दोन सरळ रेषांच्या भेटीसंबंधानें कांहीं गोष्टी अगदीं सहज सिद्ध होतात. दोन भिन्न सरळ रेषा एकमेकींना छेदतात तेव्हां त्यांचा छेदनबिंदु एकच असतो. एकदां मिळून पुढें गेलेल्या रेषा पुन्हां मिळत नाहींत. छेदनबिंदूपाशीं चार कोन होतात, आणि त्यांपैकीं समोरासमोरचे कोन समान असतात. हें दुसरें प्रमेय ग्रीक परंपरेनें मायलीटस येथील थेलीझ या तत्त्ववेत्त्याच्या नांवावर मांडलें आहे. थेलीझचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें सहाशें वर्षांचा. प्रमेयाची सिद्धता दोन ओळींची आहे. एका रेषेच्या एकाच बाजूस शेजारीं शेजारीं असलेले दोन कोन मिळून दोन काटकोन होतात. समोरासमोरच्या दोन कोनांचा शेजारी एकच आहे. तो कोणांतहि मिळविला तरी बेरीज दोन काटकोनच येते. म्हणून ते दोन कोन समान. परंतु हें सारें रेषा मिळाल्यानंतरचें शास्त्र झालें. मुळांत रेषा मिळणार कीं नाहीं, हें आधीं कसें ठरवावयाचें?

या प्रश्नाला पहिलें निःसंदिग्ध उत्तर युक्लिडनें दिलें. इसवी सनापूर्वीं ३०० च्या सुमारास ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरींत युक्लिडनें तेरा भागांचा आपला ‘मूलतत्त्वें’ हा ग्रंथ रचला. ग्रंथाच्या आरंभीं व्याख्या आहेत, सर्वसामान्य तत्त्वें आहेत आणि पांच गृहीतें आहेत. या गृहीतांसाठीं ग्रीक भाषेंत जो शब्द योजिला आहे त्याचा सरळ अर्थ ‘मागणें’ असा होतो. ग्रंथकार जणूं वाचकापुढें हात पसरतो आणि म्हणतो: एवढ्या पांच गोष्टी मान्य करा, बाकीचें सर्व सिद्ध करून दाखविण्याचें ऋण माझ्याकडे.

पहिलीं चार मागणीं लहान आहेत. दोन बिंदु सरळ रेषेनें जोडतां यावेत. सरळ रेषा पुढें वाढवितां यावी. कोणत्याहि मध्यबिंदूभोंवतीं हव्या त्या त्रिज्येचें वर्तुळ काढतां यावें. आणि सर्व काटकोन समान मानावेत. अशा मागण्याला कोण नाहीं म्हणेल? परंतु पांचवें मागणें या चौघांच्या पंक्तींत एकदम परकें वाटतें. दोन सरळ रेषांना तिसरी रेषा छेदीत असेल, आणि तिच्या एका बाजूकडील दोन आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी असेल, तर त्या दोन रेषा वाढवीत नेल्या असतां त्याच बाजूस केव्हां तरी मिळतात, असें तें मागणें आहे. शब्द अधिक, अटी अधिक. आणि शेवटीं दूरच्या, न दिसणाऱ्या भेटीची हमी! गृहीतापेक्षां तें एखाद्या प्रमेयासारखें दिसतें.

स्वतः युक्लिडलाहि याची जाणीव असावी, असें ग्रंथाच्या रचनेवरून दिसतें. पहिल्या भागांतील पहिलीं २८ प्रमेयें त्यानें पांचव्या गृहीतास हात न लावतां सिद्ध केलीं आहेत. २९ व्या प्रमेयांत, समांतर रेषांना छेदणाऱ्या रेषेनें होणारे व्युत्क्रम कोन समान असतात हें सांगतांना, त्याला तें प्रथम वापरावें लागतें. काटकसरी गृहस्थ ठेवणींतला दागिना अगदीं नडल्यावांचून मोडीत नाहीं, तसें हें वर्तन आहे. मात्र एकदां तें गृहीत हातीं घेतल्यावर युक्लिडच्या भूमितींतील केवढी तरी संपत्ति त्याच्या आधारानें उभी राहते. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन होते हें याच्याच बळावर. पायथागोरसच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें कर्णाचें प्रमेयहि याच्याच बळावर.

हें मागणें किती मोठें आहे हें एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. दहा सेंटिमीटर लांबीची एक आडवी रेषा घ्यावी. तिच्या एका टोकाशीं काटकोन करून एक रेषा उभी करावी. दुसऱ्या टोकाशीं काटकोनाहून एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, कमी असा कोन करून दुसरी रेषा उभी करावी. युक्लिडच्या मतें या रेषा मिळाल्याच पाहिजेत. आणि हिशेब केला तर त्या सुमारें ३४४ मीटर अंतरावर मिळतात. पाटी सोडाच, शाळेचें क्रीडांगणहि पुरणार नाहीं. तोच फरक एका कलेच्या साठाव्या भागाचा, म्हणजे एका विकलेचा, ठेवला तर भेटीची जागा २० किलोमीटरांपलीकडें जाते. आणि फरक एका विकलेच्या दशलक्षांशाइतका उरला तर ती दोन कोटि किलोमीटरांहून दूर, चंद्राच्याहि कितीतरी पलीकडें जाते. तरीहि रेषा मिळणार, असें युक्लिड म्हणतो. डोळ्यांनीं याची साक्ष देणें अशक्य आहे. ही हमी बुद्धीनेंच द्यावयाची. आणि बुद्धि तर पुरावा मागते.

एकमेकींच्या जवळ येणाऱ्या रेषा मिळाल्याच पाहिजेत, असें म्हणून भागत नाहीं. शंकु तिरपा कापला असतां ज्या वक्ररेषा उत्पन्न होतात, त्यांपैकीं अपास्त नांवाची वक्ररेषा आपल्या जवळच्या एका सरळ रेषेकडे सारखी सरकत असते. दोहोंमधील अंतर हव्या तितक्या सूक्ष्म मापाहूनहि कमी होतें. पण भेट कधींच होत नाहीं. पांचव्या शतकांत अथेन्समध्यें युक्लिडवर भाष्य लिहिणाऱ्या प्रोक्लसनें हीच अडचण दाखविली. वक्ररेषा जवळ येऊनहि मिळत नाहीं, मग सरळ रेषा मिळतेच कशावरून? आपल्यापूर्वीं टॉलेमीनें केलेला सिद्धतेचा प्रयत्न त्यानें सदोष ठरविला, आणि पुढें स्वतःची सिद्धता दिली. तींत त्यानें समांतर रेषांमधील अंतर अमर्याद वाढत नाहीं असें न सांगतां धरून चालविलें होतें. ही गोष्ट पांचव्या गृहीताइतकीच असिद्ध होती. दारांतून घालविलेला पाहुणा खिडकींतून आंत आला होता.

हाच प्रकार पुढें शतकानुशतकें चालला. इ. स. १०७७ मध्यें उमर खय्यामनें युक्लिडच्या ग्रंथांतील अडचणींवर भाष्य लिहिलें. मराठी वाचकांना माधव जूलियनांच्या भाषांतरामुळें कवि म्हणून परिचित असलेला हा पुरुष मोठा गणिती होता. त्यानें एका आडव्या रेषेच्या दोन्ही टोकांस समान उंचीचे दोन लंब उभे केले आणि त्यांचीं वरचीं टोकें जोडलीं. वरचे दोन कोन समान येतात हें उघड आहे. पण ते काटकोन, लघुकोन कीं विशालकोन? काटकोन असतील तर युक्लिडचें म्हणणें खरें ठरतें. खय्यामनें दुसरे दोन पर्याय नाकारले, परंतु त्यासाठीं त्यालाहि सरळ रेषांच्या स्वभावाविषयीं एक वेगळें तत्त्व गृहीत धरावें लागलें. तेराव्या शतकांत मराघा येथें वेधशाळा उभारणाऱ्या नसीरुद्दीन तूसीनेंहि याच वाटेनें प्रयत्न केला.

तूसीनें संपादिलेल्या युक्लिडच्या अरबी पाठाचा भारताशीं प्रत्यक्ष संबंध आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राट् या पंडितानें त्या पाठावरून ‘रेखागणित’ हा पंधरा अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. हाच ग्रंथ पुढें १९०१ व १९०२ सालीं मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेंत दोन खंडांत छापला गेला. अलेक्झांड्रियांत निघालेलें मागणें ग्रीकांकडून अरबांकडे, अरबांकडून जयपुरास आणि तेथून मुंबईच्या छापखान्यांत असें फिरत आलें. भाषा बदलल्या, लिपि बदलल्या. तें मागणें मात्र मागणेंच राहिलें.

युरोपांतहि सिद्धता देणाऱ्यांची रांग लागली. १६६३ सालीं ऑक्सफर्ड येथें जॉन वॉलिसनें दिलेल्या सिद्धतेंत, कोणत्याहि त्रिकोणासारखाच पण हवा तेवढा मोठा त्रिकोण काढतां येतो, असें गृहीत होतें. विधान निरुपद्रवी दिसतें; पण तें पांचव्या गृहीताचेंच दुसरें रूप आहे. १७९५ मध्यें स्कॉटलंडच्या प्लेफेअरनें, एका रेषेबाहेरील बिंदूंतून तिला एकच समांतर रेषा काढतां येते, या शब्दांत तें मांडलें. पुढच्या पिढ्यांच्या शाळकरी पुस्तकांत तें याच वेषानें आलें. फ्रान्सच्या लजान्द्रनें आपल्या भूमितीच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाच्या आवृत्तीमागून आवृत्तींत नवनवी सिद्धता घातली. एक सदोष दिसली कीं दुसरी. वृद्धपणापर्यंत त्याचा हा उद्योग सुटला नाहीं.

या सर्वांत अधिक करुण कथा इटलींतील जेसुइट धर्मगुरु साकेरी याची आहे. १७३३ सालीं मिलान येथें त्याचें पुस्तक निघालें, आणि त्याच सालीं तो वारला. युक्लिड सर्व दोषांपासून मुक्त झाला, अशा अर्थाचें त्या पुस्तकाचें नांव होतें. साकेरीनें खय्यामचाच चौकोन घेतला. युक्ति अशी कीं, वरचे कोन काटकोन नाहींत असें मुद्दाम धरावयाचें आणि त्यांतून विसंगति काढून दाखवावयाची. विशालकोनाचा पर्याय त्यानें बाद केला. मग लघुकोनाचा पर्याय हातीं घेतला. एकामागून एक प्रमेयें निघूं लागलीं. विचित्र, अनपेक्षित, पण एकमेकांशीं पूर्णपणें जुळणारीं. विसंगति कांहीं सांपडेना. शेवटीं साकेरीनें, हे निष्कर्ष सरळ रेषेच्या स्वभावाविरुद्ध आहेत, एवढें म्हणून तो पर्याय टाकून दिला. एका नव्या भूमीच्या किनाऱ्यावर उतरून, बरेंच आंत फिरूनहि, ही भूमि असूंच शकत नाहीं असें सांगून परत फिरणाऱ्या प्रवाशासारखी त्याची स्थिति झाली. तर्क त्याला पुढें नेत होता. श्रद्धेनें त्याला मागें ओढलें.

त्या भूमीवर ठाम पाय रोवून उभा राहणारा एक तरुण युरोपच्या कोपऱ्यांत निघाला. आज रुमानियांत असलेल्या ट्रान्सिल्व्हानियांत फार्कश बोयाई नांवाचा हंगेरियन गणिताध्यापक होता. गटिंगेन येथें शिकत असतां कार्ल फ्रीड्रिश गौस याच्याशीं त्याची गाढ मैत्री जमली होती. फार्कशनें समांतर रेषांच्या प्रश्नावर आपलें तारुण्य वेंचलें. १८०४ मध्यें गौसकडे एक सिद्धता पाठविली, आणि गौसनें तींतील चूक दाखविली. पुढें त्याचा मुलगा यानोश व्हिएन्नाच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयांत शिकूं लागला आणि त्यानेंहि हाच प्रश्न हातीं घेतल्याचें घरीं कळविलें. बापाच्या पोटांत धस्स झालें. या अंधारांतून आपण टोकापर्यंत गेलों आहों, तेथें आयुष्यांतील सर्व प्रकाश व सर्व आनंद विझून गेला, तूं या वाटेस जाऊं नकोस, अशा आशयाचें अत्यंत कळवळ्याचें पत्र फार्कशनें १८२० मध्यें मुलाला लिहिलें.

मुलानें तें मानलें नाहीं. मात्र त्यानें प्रश्नच उलटा केला. पांचवें गृहीत सिद्ध करण्याऐवजीं, तें नसतें तर काय झालें असतें, हें त्यानें निर्भयपणें पाहिलें. एका रेषेबाहेरील बिंदूंतून तिला न मिळणाऱ्या अनेक रेषा निघतात असें मानून त्यानें संपूर्ण भूमिति उभारली. ३ नोव्हेंबर १८२३ रोजीं, वीस वर्षांच्या वयांत, टेमेश्वार येथील लष्करी ठाण्यावरून त्यानें वडिलांना कळविलें कीं, शून्यांतून आपण एक नवें निराळें विश्व निर्माण केलें आहे. बापानेंहि मग रोख बदलला आणि प्रकाशनाची घाई करण्यास सांगितलें. वसंत ऋतूंत जशीं निरनिराळ्या ठिकाणीं एकाच वेळीं फुलें उमलतात, तसे विचारांचेहि हंगाम असतात, असा त्याचा इशारा होता. तो विलक्षण रीतीनें खरा ठरला.

यानोशचा निबंध १८३२ सालीं वडिलांच्या मोठ्या लॅटिन ग्रंथास पुरवणी म्हणून निघाला, पंचवीसएक पानांचा. फार्कशनें तो मोठ्या उत्कंठेनें आपल्या जुन्या मित्राकडे पाठविला. गौस हा त्या काळचा गणिताचा सार्वभौम राजाच होता. मार्च १८३२ मध्यें त्याचें उत्तर आलें. या लेखनाची स्तुति करणें म्हणजे आपली स्वतःचीच स्तुति करणें होय, कारण यांतील विचार आपल्या मनांत तीसपस्तीस वर्षांपासून असलेल्या विचारांशीं जवळजवळ तंतोतंत जुळतात, असें त्यानें लिहिलें होतें. म्हाताऱ्या फार्कशला यांत मुलाचा गौरव दिसला. यानोशला मात्र आपलें सर्वस्व कोणीं हिरावून घेतल्यासारखें वाटलें.

गौसचें म्हणणें खोटें नव्हतें; त्याच्या पत्रांवरून तें पुढें सिद्ध झालें. परंतु त्यानें हे विचार कधीं प्रसिद्ध केले नाहींत. मूर्खांचा गलका उठेल ही भीति त्यानें १८२९ मध्यें ज्योतिषी बेसेलला लिहिलेल्या पत्रांत बोलून दाखविली आहे. ज्याच्या शब्दाला सारें युरोप मान देत होतें, तो पुरुष या एका बाबतींत गप्प राहिला. आणि ज्याच्या नांवाला वजन नव्हतें, त्या तरुणानें बोलून दाखविलें तर त्याच्यामागें उभें राहण्यास जाहीरपणें कोणी आलें नाहीं. यानोश १८३३ मध्यें सैन्यांतून निवृत्त झाला. १८६० मध्यें तो वारला तेव्हां त्यानें लिहिलेल्या कागदांचीं हजारों पानें मागें राहिलीं. परंतु त्या एका पुरवणीखेरीज त्याचें गणितावरील दुसरें कांहीं त्याच्या हयातींत छापलें गेलें नाहीं.

फुलें खरोखरच दुसरीकडेहि उमललीं होतीं. रशियांत व्होल्गा नदीकांठच्या कझान विद्यापीठांत निकोलाय लोबाचेव्स्की या प्राध्यापकानें फेब्रुवारी १८२६ मध्यें आपल्या सहकाऱ्यांपुढें हीच भूमिति मांडली होती, आणि १८२९ पासून ती विद्यापीठाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध होऊं लागली. म्हणजे छापील स्वरूपांत पहिला मान त्याचाच. सेंट पीटर्सबर्गच्या विद्वत्सभेनें ती नाकारली. एका मासिकांत तिची टवाळी झाली. लोबाचेव्स्की डगमगला नाहीं. १८२७ ते १८४६ पर्यंत तो विद्यापीठाचा प्रमुख होता; ग्रंथालय त्यानें लावलें, १८३० च्या पटकीच्या सांथींत विद्यापीठाचे आवार बंद करून तेथील माणसांचे प्राण वांचविले, आणि या साऱ्या व्यापांत आपली भूमिति पुन्हां पुन्हां निरनिराळ्या भाषांत लिहीत राहिला. शेवटीं दृष्टि गेली. तेव्हां त्यानें आपला अखेरचा ग्रंथ दुसऱ्यास सांगून लिहविला. ज्या रेषांची भेट डोळ्यांनीं कधींच पाहतां येत नाहीं, त्यांच्याविषयीं हा दृष्टिहीन म्हातारा बोलत होता आणि लिहिणारा लिहीत होता. १८५६ मध्यें तो वारला. गौसनें उतारवयांत रशियन भाषा शिकून त्याचें लेखन वाचलें होतें आणि १८४२ मध्यें गटिंगेनच्या विद्वत्सभेचें सदस्यत्वहि त्याला मिळवून दिलें होतें. परंतु उघड पाठिंब्याचे दोन शब्द त्याच्याहि वांट्यास आले नाहींत.

या नव्या भूमितींत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज नेहमीं दोन काटकोनांहून कमी येते, आणि त्रिकोण जितका मोठा तितकी ही तूट अधिक. वाचणाऱ्यास हें चमत्कारिक वाटतें. परंतु चमत्कारिक असणें आणि विसंगत असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तशी विसंगति यांत नाहींच, हें कशावरून? तें १८६८ मध्यें इटलीच्या बेल्त्रामीनें दाखवून दिलें. युक्लिडच्याच भूमितीच्या आधारानें त्यानें अशी एक रचना दाखविली कीं, तींतील ‘सरळ रेषा’ बोयाई व लोबाचेव्स्की यांच्या नियमांनीं वागतात. म्हणजे नव्या भूमितींत विसंगति निघाली तर ती युक्लिडच्या भूमितींतहि निघेल; दोघी तरतील तर एकत्र, बुडतील तर एकत्र. याचाच अर्थ असा कीं, पहिल्या चार मागण्यांतून पांचवें कधींच सिद्ध होणार नाहीं. दोन हजार वर्षें ज्यांनीं प्रयत्न केले, त्यांची बुद्धि उणी नव्हती. त्यांनीं शोधलेली वस्तूच अस्तित्वांत नव्हती.

तिसरीहि एक शक्यता होती. १० जून १८५४ रोजीं गटिंगेन येथें बर्नहार्ट रीमान यानें एक व्याख्यान दिलें. श्रोत्यांत सत्त्याहत्तर वर्षांचा गौस बसला होता. अवकाशाचे गुणधर्म बुद्धीनें आधींच ठरविण्याचे नव्हेत, ते मोजून पाहण्याचे आहेत, असा त्या व्याख्यानाचा रोख होता. ज्या विश्वांत कोणत्याहि दोन रेषा मिळाल्यावांचून राहत नाहींत, असेंहि विश्व कल्पितां येतें. त्याचें घरगुती उदाहरण म्हणजे पृथ्वीचा गोल. मुंबईवरून जाणारें रेखावृत्त आणि कलकत्त्यावरून जाणारें रेखावृत्त हीं दोन्ही विषुववृत्ताला काटकोनांत छेदतात. दोन आंतरकोनांची बेरीज बरोबर दोन काटकोन. युक्लिडच्या हिशेबानें हीं समांतर. तरीहि उत्तरेकडे जातां जातां तीं ध्रुवावर एकमेकांना मिळतात! गोलाच्या पृष्ठावर सर्वांत जवळचा मार्ग हीच सरळ रेषा मानली, तर तेथें समांतर रेषा नाहींतच. आणि तेथील त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोनांहून अधिक भरते.

हा सारा बुद्धीचा खेळच राहिला असता. परंतु १९१५ सालीं आल्बर्ट आइन्स्टाइननें गुरुत्वाकर्षणाचा आपला सिद्धांत रीमानच्या भूमितीच्या भाषेंत मांडला. जड वस्तूंच्या सान्निध्यांत अवकाश व काल यांचें स्वरूपच वक्र होतें, आणि प्रकाशहि त्या वक्रतेस अनुसरून जातो, असें त्याचें प्रतिपादन होतें. सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा किरण पावणेदोन विकला वळेल, असें गणित निघालें. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणांत ब्राझीलमधील सोब्राल येथून आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून इंग्रज ज्योतिष्यांनीं छायाचित्रें घेतलीं, आणि त्यांच्या मापनांनीं आइन्स्टाइनला पुष्टि मिळाली. पुढील काळांतील कितीतरी अधिक सूक्ष्म मापनांनीं ती दृढच केली आहे. ज्या पांचव्या मागण्याला नाकारणें म्हणजे वेडेपणा वाटत होता, तें सूर्याच्या आसपास खरोखरच तंतोतंत लागू पडत नाहीं.

म्हणून युक्लिड खोटा ठरला, असें मात्र नव्हे. घराचा पाया आंखणाऱ्या गवंड्याला, फळी जोडणाऱ्या सुताराला, शेताच्या बांधाची मोजणी करणाऱ्याला युक्लिडचीच भूमिति पुरते. त्यांच्या कामांत येणारा फरक कोणत्याहि मापपट्टीवर उमटणार नाहीं इतका अल्प असतो. युक्लिडचें मोठेपण या इतिहासानें कमी झालें नाहीं, तें वाढलें. जें सिद्ध करतां येत नाहीं, तें सिद्ध केल्याचा आव त्यानें आणला नाहीं. त्यानें तें उघडपणें मागून घेतलें. पुढच्या शहाण्यांना या मागण्याची लाज वाटली, आणि तें ऋण फेडून टाकावें म्हणून त्यांनीं आयुष्यें झिजविलीं. अखेर निष्पन्न झालें तें हें कीं, मागून घेण्यावांचून गत्यंतरच नव्हतें, आणि मागणें मागणें म्हणून ओळखणें हीच सचोटी होती.

बोयाई, लोबाचेव्स्की आणि गौस हे तिघेहि १८६० पर्यंत काळाच्या पडद्याआड गेले होते. त्यानंतर गौसचीं पत्रें छापलीं गेलीं, तेव्हां दोघां उपेक्षितांविषयीं त्याला वाटणारा आदर जगाला कळला. १८६६ व १८६७ मध्यें त्यांचे निबंध फ्रेंच भाषेंत निघाले, आणि मग विद्वानांची दृष्टि तिकडे वळली. शास्त्राचा न्याय झाला, पण तो ऐकावयास त्यांतील एकहि जण जिवंत नव्हता. फार्कशचा कळवळा व्यर्थ नव्हता. प्रश्नानें मुलाचें सुख खरोखरच घेतलें. आणि मुलाचा हट्टहि व्यर्थ नव्हता. कारण त्या हट्टावांचून मनुष्याला आपल्या एकाच खोलीपलीकडचें घर दिसलें नसतें.

पाटीवरच्या त्या दोन रेषा अजून तेथेंच आहेत. पाटी मोठी असती तर मिळाल्या असत्या, हें मुलाचें उत्तर आजहि चूक नाहीं. फक्त त्या ‘तर’च्या मागें आणखी एक ‘जर’ उभा आहे. आणि तो दिसावयास दोन हजार वर्षें लागलीं.